आज्जीचं अंग

आंबिवली स्टेशनपासून रिक्षाने सात-आठ मिनिटांवर एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर शेडग्यांचं घर आहे. घरात माणसं चार. संदेश, त्याची बायको मेघना, अकरा वर्षांची मुलगी सान्वी आणि संदेशची आई कलावती. चौघांतली तिघं अंगाने चांगली भरलेली आणि मेघना तेवढी काडीसारखी. कुणी पाहुणा पहिल्यांदा घरी आला, की पाच मिनिटांत त्याच्या तोंडून निघायचंच, "पोरगी अगदी आजीवर गेलीय हो!" कलावती हसायची, संदेश हसायचा, आणि मेघना पाणी आणायच्या निमित्ताने आत जायची.

ती आत का जायची हे बरीच वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही.

मेघना डोंबिवलीत वाढलेली. बी.कॉम. झाल्या झाल्या तिला घोडबंदर रोडवरच्या एका कॉल सेंटरमध्ये नोकरी लागली. अमेरिकेतल्या माणसांचे विम्याचे फोन घ्यायचे. कुणाचं ऑपरेशन अडकलेलं, कुणाच्या बायकोचे रिपोर्ट हरवलेले, आणि मेघनाचं काम काय, तर त्या माणसांना गोड आवाजात नाही म्हणायचं. एक फोन ठेवला की दुसरा कानात वाजायचाच. चार तासांनी दहा मिनिटांची सुट्टी मिळायची. त्या दहा मिनिटांत सगळी टीम इमारतीच्या मागच्या जिन्यात सिगारेट ओढायला जमायची. जी ओढत नसे ती वर आपल्या खुर्चीत एकटी बसायची.

"चल ना गो खाली, वर बसून काय भिंती बघतेस?" करिश्मा तिला म्हणाली. करिश्मा कासारवडवलीची, तिथल्या जुन्या गावातली. मोकळी, मोठ्याने हसणारी. मेघना तिच्यामागून खाली गेली. पहिल्या दिवशी नुसती उभी राहिली. आठवड्याभराने एक झुरका घेऊन खोकली, आणि सगळे हसले. तीन महिन्यांनी तिच्या पर्समध्ये स्वतःचं पाकीट होतं. दिवसाला आठ-दहा कधी झाल्या हे तिचं तिलाच कळलं नाही.

संदेशचं स्थळ आलं तेव्हा तिने त्याला सांगितलं होतं. तो लिफ्ट दुरुस्तीच्या कामात होता, साधा माणूस. म्हणाला, "लग्नानंतर सोडशील ना?" ती म्हणाली, "सोडलीच आहे जवळजवळ." ते खोटं होतं, पण बोलताना तिला ते खरं वाटलं होतं.

लग्नाला दीड वर्ष झालं आणि तिला दिवस राहिले. त्या दिवशी तिने पाकीट कचऱ्याच्या डब्यात टाकलं. चार दिवस टिकली. पाचव्या दिवशी टेक्सासमधला कुणी एक माणूस तिच्यावर पंचवीस मिनिटं ओरडला, आणि फोन ठेवल्यावर ती उठून सरळ जिन्यात गेली. मग तिने स्वतःपुरता हिशेब बसवला. दहाच्या चार केल्यात, म्हणजे सोडल्यातच जमा. पुढच्या सोमवारपासून तीन. त्याच्या पुढच्या सोमवारपासून बंद. असे कितीतरी सोमवार आले आणि गेले.

पोट दिसायला लागलं तशी करिश्माच एक दिवस उसळली. "बस कर आता, मेघना. पोर हाय तुझ्या पोटात. मी देणार नाय तुला लायटर." तेव्हापासून मेघनाने त्या जिन्यात जाणं सोडलं. जनरेटरच्या खोलीमागे एक अरुंद जागा होती, तिथे ती एकटीच उभी राहायची. एका हातात सिगारेट आणि दुसरा हात पोटावर. तो हात तिथे आहे हे लक्षात आलं की ती तो काढून घ्यायची. निघताना वेलची चावायची, हात साबणाने धुवायची, ओढणी झटकायची.

कल्याणच्या दवाखान्यात नाव घातलं तेव्हा कलावती सोबत होती. नर्स कार्ड भरत होती. वय, उंची, आधीचे आजार. मग तिने खाली बघतच विचारलं, "तंबाखू, मशेरी, सिगारेट, काही?"

कलावतीला हसूच आलं. "अहो बाई, आमच्या सुनेला दुसरा चहा चालत नाही, तुम्ही सिगारेट काय विचारता!"

नर्सने मान वर करून मेघनाकडे पाहिलं. मेघना म्हणाली, "नाही."

सान्वी पुऱ्या दिवसांची जन्मली. वजन दोन किलो शंभर ग्रॅम. डॉक्टर म्हणाले, दिवस पूर्ण भरलेत आणि बाळ एवढं लहान कसं? कलावती पुढे होऊन म्हणाली, "उलट्या फार झाल्या हो हिला. काही म्हणजे काही पोटात ठरायचं नाही." सहा दिवस बाळ काचेच्या पेटीत होतं. मेघना खिडकीतून बघायची. बोटाएवढे पाय, सुरकुतलेली मांडी, नाकाला चिकटवलेली नळी. तिला सगळं ठाऊक होतं, आणि तिथे उभ्या असलेल्या कुणालाही ठाऊक नव्हतं.

बाळ घरी आलं आणि कलावतीने कंबर कसली. लुगड्याच्या मऊ तुकड्यात गुंडाळून ती त्या जिवाला तासन् तास छातीशी धरून बसायची. मेघनाला अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेपूची भाजी. सहा महिन्यांनी पोरीला खारकेची पूड, नाचणीचं सत्त्व, वरून तूप. "आमचं पाखरू आता बघा कसं भरतंय," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची. आणि पाखरू खरंच भरलं. वर्षाच्या आत अंगाला वळ्या पडल्या. कलावतीच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं तेज होतं. मेघनालाही हायसं वाटलं. फिटलं सगळं, असं ती स्वतःशी म्हणाली.

कामावर परत गेल्यावर सिगारेट पुन्हा सुरू झाली होती. सान्वी अडीच वर्षांची असताना एका संध्याकाळी ती आईच्या मांडीवर चढली, आईची बोटं नाकाशी धरून तिने वास घेतला आणि म्हणाली, "आई, तुझ्या हाताला देवबाप्पाचा वास येतो." तिला उदबत्तीच वाटली होती. मेघनाने तिला खाली ठेवलं, बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून बराच वेळ उभी राहिली. त्यानंतर तिने सिगारेटला हात लावला नाही. जे पोटातल्या पोरीसाठी नऊ महिन्यांत जमलं नाही, ते एका वाक्याने झालं, याचीही तिला लाजच वाटली. पुढे तिने ती नोकरी सोडली आणि कल्याणला एका दवाखान्याच्या ऑफिसात दिवसाचं काम धरलं.

सान्वी मात्र वाढतच राहिली. पाचव्या वर्षी सव्वीस किलो. आठव्या वर्षी एक्केचाळीस. आता अकराव्या वर्षी एकसष्ट. ती काही सारखी खात नसे. वर्गातल्या बारीक मुली तिच्यापेक्षा जास्त चिप्स खायच्या. पण तिला भूक लागायची ती खरी लागायची, आणि खाल्लेलं तिच्या अंगाला लागायचं. घरात सगळ्यांना कारण ठाऊकच होतं. कलावती जाड, कलावतीची बहीण जाड, संदेशही तसाच. "आमच्या घराण्याचं हाडच तसलं," कलावती म्हणायची. आधी ती हे कौतुकाने म्हणायची. मग हळूहळू त्यातलं कौतुक गेलं आणि अपराधीपणा आला. "काय करणार, माझंच रक्त." मेघना तेव्हा काहीतरी आवरत असायची, नाहीतर फोन बघत असायची. सासूच्या त्या वाक्याआड तिला उभं राहायला जागा मिळत होती, आणि त्या जागेत ती अकरा वर्षं उभी होती.

गेल्या जुलैमध्ये शाळेत आरोग्य तपासणी झाली. वर्गातच वजनकाटा मांडला होता. एक बाई आकडा मोठ्याने सांगायच्या, दुसऱ्या लिहून घ्यायच्या. सान्वीचा आकडा सगळ्या वर्गाने ऐकला. दुसऱ्या दिवसापासून ती दारातून आत आली, की मागच्या बाकावरून आवाज यायचा, "ओव्हरलोड, ओव्हरलोड. कृपया एकाने बाहेर यावे." तिचा बाप लिफ्ट दुरुस्त करतो हे पोरांना माहीत होतं, म्हणून तर ते त्यांना सुचलं. सान्वीने घरी काहीच सांगितलं नाही. रोज सकाळी पोट दुखतं म्हणायला लागली. शेवटी तिच्या मैत्रिणीच्या आईने मेघनाला फोन करून सांगितलं तेव्हा कळलं.

त्याच आठवड्यातल्या रविवारची गोष्ट. दुपारी सगळे जेवायला बसले होते. कलावतीने तव्यावरची पोळी आणून सान्वीच्या ताटात वाढली, सवयीने वर तुपाचं बोट फिरवलं. सान्वीने ताट ढकललं. वाटीतली आमटी फरशीवर सांडली.

"तुझ्यामुळेच झालेय मी अशी! सगळे तेच म्हणतात. आज्जीवर गेली, आज्जीचं अंग घेतलं. मला नकोय तुझं अंग!"

कलावती उलथणं हातात धरून तशीच उभी राहिली. संदेश ओरडला, "सान्वी!" पोरगी रडत बेडरूममध्ये गेली. मेघना पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि ते आत्ताच, हे तिला लख्ख कळत होतं. तिने तांब्या टेबलावर ठेवला, फडकं आणलं आणि आमटी पुसायला खाली बसली.

त्या दिवसापासून कलावती सान्वीसमोर जेवेनाशी झाली. सगळ्यांचं झालं, की ओट्यापाशी उभ्या उभ्या अर्धी भाकरी खायची. मग दोन वेळांची एक वेळ झाली. कुणी विचारलं तर म्हणायची, "मी बारीक झाले तर पोरीला तरी दिसेल, होता येतं म्हणून." पासष्ट वर्षांची बाई, रक्तदाबाची गोळी चालू. मेघना म्हणायची, "आई, असं करू नका." याहून पुढचं तिच्या तोंडून निघत नव्हतं.

ठाण्यात लहान मुलांच्या वजनाच्या आणि हार्मोनच्या तक्रारी बघणाऱ्या एक डॉक्टर होत्या. त्यांच्याकडे नंबर लावला. कलावती म्हणाली, मीही येते. बाहेर बसून मेघनाने फॉर्म भरला. दोन पानं होती. दुसऱ्या पानावर जन्माच्या वेळचं वजन, आणि त्याच्या खाली प्रश्न, गरोदरपणात आईने धूम्रपान किंवा तंबाखूचं सेवन केलं होतं का. शेजारी सासू बसलेली, पलीकडे मुलगी. मेघनाचं पेन थोडं थांबलं, आणि तिने "नाही"वर खूण केली. या वेळी तिच्या वतीने कुणीही बोललं नव्हतं.

आत गेल्यावर डॉक्टरांनी सान्वीशी छान गप्पा मारल्या. मग फॉर्म बघून विचारलं, "पूर्ण दिवस भरले होते आणि दोन किलो शंभर? तेव्हा काही कारण सांगितलं होतं का?"

मेघना बोलायच्या आत कलावतीने हात जोडले. अगदी देवासमोर जोडतात तसे. "डॉक्टर, तेव्हा उलट्या झाल्या होत्या हिला. पण आत्ताचं हे सगळं माझं आहे बघा. माझं अंग गेलंय पोरीत. तूपही मीच चारलं. माझी सून बिचारी काडीसारखी, तिचा काही दोष नाही. माझ्यावर काही औषध असलं तर मला द्या, पण हिला बरी करा."

"आजी, असा दोष नसतो हो कुणाचा," डॉक्टर म्हणाल्या, आणि तपासण्या लिहून दिल्या. घरी येताना रिक्षात कलावतीने मेघनाच्या हातावर हात ठेवला. "तू नको वाईट वाटून घेऊ," म्हणाली. मेघनाला वाटलं, रिक्षा इथेच थांबवावी आणि उतरून कुठेतरी चालतं व्हावं.

आठ दिवसांनी आंबिवलीच्या भाजी बाजारात कलावतीला घेरी आली. भाजीवालीने गोणीवर बसवून पाणी पाजलं आणि संदेशला फोन केला. सकाळपासून पोटात काही नव्हतं. संदेश तिला घरी घेऊन आला तेव्हा तिच्या कोपराला खरचटलं होतं आणि पिशवीत दोन दुधी भोपळे होते. सान्वीसाठी.

दुसऱ्या दिवशी मेघना अर्धी रजा टाकून एकटीच ठाण्याला गेली. डॉक्टरांसमोर बसली आणि टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाली, "मॅडम, फॉर्ममध्ये मी खोटं लिहिलंय."

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मेघनाला वाटलं.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "वजनाचा कल बराचसा रक्तातून येतो. तुमचा नवरा, सासूबाई, ती बाजू खरीच आहे. पण गरोदरपणातल्या सिगारेटचंही आहे. धुरामुळे बाळाला पोटात प्राणवायू कमी मिळतो, बाळ लहान राहतं. आणि अशी मुलं पुढे जाड होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, हे बऱ्याच ठिकाणी पाहिलं गेलंय. कशामुळे, ते अजून पूर्ण उलगडलेलं नाही. त्यात लहान बाळाला आपण घाईने भरवतो, ते वेगळंच. सान्वीच्या बाबतीत हे सगळं एकत्र आलेलं असू शकतं."

"मग त्यातलं माझ्यामुळे किती?"

"ते नाही सांगता येणार."

"अंदाजे तरी."

"अंदाजेही नाही. एका मुलीत असे वाटे पाडता येत नाहीत, मेघनाताई. सिगारेट ओढली नसती तरी ती जाड झाली असती का? कदाचित झाली असती. कदाचित इतकी नसती झाली. कुणीच सांगू शकणार नाही."

मेघनाला आकडा हवा होता. मोठा असता तर तो घेऊन ती जन्मभर झुरली असती, छोटा असता तर सुटली असती. दोन्ही मिळालं नाही. उठताना डॉक्टर एवढंच म्हणाल्या, "मला सांगितलंत, मी नोंद दुरुस्त करते. पण त्या आजींनी माझ्यासमोर हात जोडले होते. ते काही मला दुरुस्त करता येणार नाही."

रविवारी दुपारी कलावती हॉलमध्ये खाली बसून गवार मोडत होती. सान्वी खाली मैत्रिणीकडे गेली होती. संदेश पंख्याखाली पलंगावर पेपर घेऊन पडला होता. मेघना सासूसमोर जाऊन बसली. मूठभर शेंगा तिनेही पुढ्यात ओढल्या, पण हात चालेनात.

"आई, सान्वीचं वजन तुमच्यामुळे नाही. म्हणजे, फक्त तुमच्यामुळे नाही."

"राहू दे गं," कलावती म्हणाली. "माझी समजूत काढू नको."

"समजूत नाही काढत. ती पोटात होती तेव्हा मी सिगारेट ओढत होते."

पेपरची सळसळ थांबली. कलावतीने हातातली शेंग मोडली. आणखी एक मोडली. शिरा काढून बाजूला ठेवल्या.

"किती?"

"रोज तीन-चार. शेवटी शेवटी दोन."

"कुठवर?"

"बाळंतपणाच्या रजेवर जाईपर्यंत. रजेतही एकदा-दोनदा."

"डॉक्टरनी काय सांगितलं?" तिने विचारलं. म्हणजे मेघना तिथे जाऊन आली, हे तिने ओळखलं होतं. मेघनाने सगळं सांगितलं. दोन्ही बाजूंचं सांगितलं, काही कमी-जास्त न करता. कलावतीने ऐकलं. मग परातीत हात झटकले.

"ओढलीस ते एक वेळ मी समजून घेईन," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "लहान होतीस, नोकरी तसली होती. पण माझ्या नातीने माझ्यासमोर ताट ढकललं, मला नको तुझं अंग म्हणाली, तेव्हा तू दारात उभी होतीस. हातात तांब्या होता तुझ्या. तेव्हा का नाही गं तुझ्या तोंडातनं शब्द फुटला?"

मेघना परातीतल्या शेंगांकडे बघत राहिली. नाकातून पाणी यायला लागलं तेही तिने पुसलं नाही.

"आणि तिथं डॉक्टरपुढं मी हात जोडले. तू बघत बसलीस."

"आई," संदेश पलंगावरून म्हणाला, "मला माहीत होतं." दोघींनी वळून पाहिलं. त्याचा चेहरा पडला होता. "म्हणजे, वास यायचा मला. कपड्यांना. मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर ती खरं बोलली असती, म्हणून नाही विचारलं."

कलावती जमिनीवर हात टेकून उठली. लेकाकडे तिने एकदा नीट पाहिलं, जसं ओळखीचं माणूस आहे का हे बघतात तसं. संध्याकाळी तिने पिशवी भरली. "ऐश्वर्याकडे जाते," म्हणाली. ऐश्वर्या म्हणजे तिची मुलगी, विठ्ठलवाडीला राहायची. संदेश सोडायला निघाला तर म्हणाली, "मला रस्ता माहीत आहे." गवार तिने निवडून झाकून ठेवली होती.

सान्वी घरी आली आणि आजी नाही बघून तिचा चेहरा उतरला. "माझ्यामुळे गेली?" तिने विचारलं. तेव्हा मेघनाने तिला जवळ बसवून सांगितलं. पोरीला कळेल अशा शब्दांत, पण काही न लपवता.

सान्वीने उशी मांडीवर ओढून घेतली. मग म्हणाली, "म्हणजे मी पोटात खोकत होते?"

"नाही गं. बाळ पोटात खोकत नाही. पण तुला हवा कमी पडत होती."

"आणि तुला माहीत होतं? तेव्हा?"

खोटं बोलायची वाट अजूनही मोकळी होती. तेव्हा कुठे एवढं कळायचं, असं म्हटलं असतं तर पोरीने मानलंही असतं.

"हो," मेघना म्हणाली. "माहीत होतं."

सान्वी उठून आत गेली. पुढचे चार दिवस तिने आईच्या हातून वेणी घालून घेतली नाही. कशीतरी वाकडीतिकडी आपली आपण घालून शाळेत गेली. पाचव्या दिवशी म्हणाली, "मला आज्जीकडे ने. मला तिला सॉरी म्हणायचंय." मेघना म्हणाली, "सॉरी मला म्हणायचंय, तू कशाला?" तर पोरगी म्हणाली, "तू पण म्हण. पण बोलले तर मीच होते ना?"

विठ्ठलवाडीला ऐश्वर्याच्या बिल्डिंगखाली मेघना थांबली आणि सान्वीला वर पाठवलं. अर्धा तास ती पार्किंगमधल्या एका स्कूटरला टेकून उभी होती. वर काय बोलणं झालं ते तिला आजही माहीत नाही. सान्वीने सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. मग ऐश्वर्या खाली आली. नणंद-भावजयीचं एरवी चांगलं जमायचं, पण त्या दिवशी ऐश्वर्याने तिच्याकडे न बघता निरोप दिला, "आई म्हणते, वर ये. चहा टाकलाय." मेघनाने चहा पिऊन कप स्वतःच विसळून ठेवला. माफ केलं असं कुणी म्हटलं नाही.

पंधरा दिवसांनी कलावती परत आली. घरात शिरल्या शिरल्या तिने एकच सांगितलं, "पोरीला वेगळं आणि आपल्याला वेगळं, असं जेवण या घरात होणार नाही. डॉक्टर सांगतील ते चौघांनी खायचं. आणि सगळ्यांनी एकत्र बसून." तसं झालं. तुपाचं भांडं मागे गेलं, संदेशचे वडापाव बंद झाले, आणि काडीसारखी मेघनाही तीच भाजी आणि तीच ज्वारीची भाकरी खाऊ लागली. मेघनाने शाळेत जाऊन बाईंची गाठ घेतली. यापुढे वजन वर्गात मोठ्याने सांगणार नाही, असं त्यांनी कबूल केलं. संध्याकाळी आजी आणि नात सोसायटीला दहा फेऱ्या मारायच्या. कलावतीचे गुडघे दुखायचे म्हणून सातव्या फेरीला ती कट्ट्यावर बसायची आणि उरलेल्या तीन फेऱ्या मोजायची.

सहा महिन्यांत सान्वीचं वजन किलोभरच वाढलं आणि उंची चार सेंटिमीटर. डॉक्टर म्हणाल्या, हे फार चांगलं आहे, या वयात आम्हाला एवढंच हवं असतं. सान्वी अजूनही वर्गात सगळ्यांत जाड आहे. कधी हसून सोडून देते, कधी घरी येऊन दार लावून घेते. आईशी ती बोलते, वेणीही घालून घेते. पण मधूनच तिच्याकडे टक लावून बघते, आणि मेघनाला मान खाली घालावी लागते.

कलावती बरेच महिने सुनेशी कामापुरतंच बोलली. गॅस संपलाय, धोबी येऊन गेला, एवढंच. मग मार्चमधल्या एका दुपारी दोघी गच्चीवर कुरडया वाळत घालत होत्या. प्लॅस्टिकच्या कागदाच्या दोन टोकांना दोघी बसलेल्या. कलावती एकदम म्हणाली, "कशी लागते गं ती?"

"काय, आई?"

"सिगारेट."

मेघनाला वाटलं, टोमणा आहे. पण सासू खाली बघत सोऱ्या दाबत होती आणि आवाजात तसं काही नव्हतं.

"चव वाईटच असते," ती म्हणाली. "तोंड कडू होतं. पण ती संपेपर्यंत कुणी काही विचारायचं नाही. फोन नाही, घर नाही. पाच मिनिटं आपली."

कलावतीने कुरडईचा वेढा पूर्ण केला. दुसरा सुरू केला.

"आम्हाला तेवढी पण नव्हती," ती म्हणाली. आणि जरा वेळाने, "मला सांगितलं असतंस, तर मी दिली असती तुला पाच मिनिटं."

मेघनाने वर पाहिलं नाही. हातातलं पीठ सुकायला लागलं होतं. "तो कागद ओढ तिकडून," कलावती म्हणाली, "वारा सुटलाय." मेघनाने कागदाचं टोक गुडघ्याखाली दाबून धरलं.